खोडलेली ओळ

कागद काचेला आतून चिकटवलेला होता आणि त्याच्या बरोबर मागे, आत कुणाच्या तरी टेबलावर, दिवा जळत होता. तो नसता तर व्हर्नेटा गिटन्स त्या दारावरून सरळ पुढे गेली असती. तिच्या काखेत कापडी पिशवी होती आणि पिशवीत आईचे चर्चला जायचे पांढरे बूट. डाव्या बुटाची टाच निखळली होती, आणि रविवारच्या आत ती बसवून आणली नाहीस तर मी देवाला काय तोंड दाखवू, असं आईने दोन दिवस टुमणं लावलं होतं. जुलैतला मंगळवार. सकाळचे दहा वाजले होते, आणि ब्रुकलिनचे फूटपाथ एवढ्यातच तापायला लागले होते. चालता चालता डोळे जशी कुठलीही पाटी वाचतात तशी तिने ती वाचली. झेलनिक लिफ्ट दुरुस्ती. फोनवर बसायला माणूस हवा. अनुभव हवा. आवाज शांत हवा. आणि त्याखाली एक पांढरी पट्टी. टायपातल्या चुका झाकायचा तो दाट पांढरा रंग कुणीतरी घाईघाईत तीन-चार हात देऊन फासला होता, कडेला त्याचे ओघळ सुकले होते. पण मागच्या दिव्याने घात केला होता. रंगाखालची अक्षरं ओढ्याच्या पाण्यातल्या खड्यांसारखी स्वच्छ दिसत होती. सध्या नोकरीत असलेल्यांनीच विचारणा करावी.

ती थांबली. आणि हसली. मनातल्या मनात नव्हे, चांगली मोठ्याने, पोटातून. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका माणसाने वळून पाहिलं, कुत्र्यानेही पाहिलं. तिला स्वतःलाच नवल वाटलं, कारण ही ओळ पाहून तिला आजवर कधी हसू आलं नव्हतं. तीन वर्षं ही ओळ तिच्या बरोबर राहत होती. सुरुवातीला तिला वाटलं होतं की छापणाऱ्याची चूक असेल. ज्याला नोकरी आहे त्यालाच नोकरी देणार, म्हणजे जेवून उठलेल्यालाच पुन्हा पाटावर बसवणार, असं शहाणीसुरती माणसं कशी करतील? ग्रंथालयातल्या संगणकासमोर बसून तिने ती ओळ दोनदा वाचली होती, शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्याला दाखवली होती. तो म्हणाला, "बाई, तुम्ही या खुर्चीवर नवीन दिसता." मग ती ओळ जागोजागी भेटत गेली. कधी उघड, कधी आडपडद्याने. एका एजन्सीतल्या तरुण माणसाने तर तिला ती समजावूनही सांगितली होती. त्याचा चेहरा भला होता, टायवर लहान लहान बदकं होती. "तुमचं काही चुकलेलं नाही," तो म्हणाला होता, "पण आमच्या गिऱ्हाइकांना वाटतं, माणूस पावासारखा असतो. कालचा चालतो, परवाचा नाही." हे तो इतक्या मायेने म्हणाला की तिने त्याला थँक यू म्हटलं. थँक यू! त्या दोन शब्दांनी तिला पुढे आठवडाभर झोप लागू दिली नव्हती. पावाच्या उपमेचं तिला एवढं काही नव्हतं. बार्बेडोसमध्ये आजी शिळ्या पावाचं खोबरं घालून असं पुडिंग करायची की ताज्या पावाला कोणी विचारू नये, आणि हे त्या बदकवाल्याला सुनवायचं आपल्याला का सुचलं नाही, हे तिला टोचत राहिलं.

काचेत तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसत होतं. बावन्न वर्षांची, रुंद खांद्यांची बाई, घरातल्या सपाता, काखेत पिशवी. एकोणीस वर्षं तिने हेच काम केलं होतं. मोठ्या कंपनीत, शेजारच्या क्वीन्समध्ये, चौदाव्या मजल्यावर. शहरात कुठे कोणी लिफ्टमध्ये अडकलं की आतलं बटण दाबायचं आणि व्हर्नेटाच्या कानात आवाज यायचा. एकोणीस वर्षांत तिने किती माणसं सांभाळली याची मोजदाद कोणी ठेवली नव्हती, पण आवाज तिला आठवायचे; चेहरे तिने कधी पाहिलेच नव्हते. दोन मजल्यांच्या मध्ये माणसाचा आवाज बदलतो, हे तिला कळलेलं होतं. वकील लहान मुलासारखे बोलायला लागायचे. शिव्या देणारे देवाचं नाव घ्यायचे आणि देवाचं नाव घेणारे शिव्या द्यायचे. एका बाईने तिला चाळीस मिनिटं आपल्या मेलेल्या मांजराबद्दल सांगितलं होतं आणि दार उघडल्यावर, मेकॅनिक सांगत होता, ती बाहेरच यायला तयार होईना. म्हणाली, थांबा, माझं बोलून व्हायचंय. मग ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, फोन उचलायचं काम कुठल्याशा दूरच्या राज्यात गेलं, आणि एका शुक्रवारी चौदाव्या मजल्यावरच्या अकरा बायकांना केक कापून निरोप दिला गेला. केक चांगला होता. ते तिला फार लागलं होतं, केक चांगला असणं.

त्यानंतरचं सगळं तिला एका लांबलचक दुपारीसारखं आठवायचं. सुरुवातीला ती सकाळी सहालाच उठायची, कपडे करायची, लिपस्टिक लावायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कामावर बसल्यासारखी बसायची. आई समोर बसून वाटाणे सोलायची. आई म्हणजे एल्मिना गिटन्स, वय एक्क्याऐंशी, सत्तावीस वर्षं इस्पितळात रात्रपाळी केलेली, जीभ अजून एकही दिवस रजेवर न गेलेली. "कोणाची वाट बघतेयस?" आई विचारायची. "फोनची." "फोनलाच तुझी वाट बघू दे जरा. वाटाणे घे." दुसऱ्या वर्षी लिपस्टिक सुटली. तिसऱ्या वर्षी, चर्चमध्ये कोणी नवं भेटलं आणि काय करता म्हणून विचारलं, की ती आईकडे बोट दाखवून म्हणायची, "हिला सांभाळते." आणि आई, सगळ्यांच्या देखत, म्हणायची, "कोण कोणाला?"

एकदा ती खोटं बोलली होती. त्या आठवणीने अजूनही कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. पण आज, काचेसमोर, त्यातलीही गंमतच वर आली. दुसऱ्या वर्षीच्या शेवटी तिने अर्जात लिहून टाकलं की मी सध्या नोकरीत आहे. कुठे? तर बहिणीचा नवरा रॉलस्टन, त्याचं नॉस्ट्रँड अव्हेन्यूवर केस कापायचं दुकान, तिथे. हुद्दा काय? ग्राहक समन्वय प्रमुख. रॉलस्टनला तिने चारदा पढवून ठेवलं होतं. त्याने शपथ घेतली होती. आणि खरोखरच त्या कंपनीतल्या बाईने दुकानात फोन केला तेव्हा रॉलस्टन एका गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा धरून उभा होता, सगळं विसरला, आणि मोकळ्या मनाने म्हणाला, "व्हर्नेटा? असते ना इथे. शनिवारी येते आणि माझ्या किमती जास्त आहेत म्हणून भांडते." त्या बाईने पुढे काही विचारलं नाही. रॉलस्टन संध्याकाळी माशांची थाळी घेऊन माफी मागायला आला, दारातच गुडघ्यावर बसला. आईने थाळी घेतली आणि दार लावून घेतलं. नंतर दोघी मायलेकी बार्बेडोसचे ते उडते मासे खात बसल्या आणि हसून हसून आईचे दात टेबलावर पडले. पण अंथरुणात पडल्यावर व्हर्नेटाच्या मनात आलं, मी आता अशी बाई झाले आहे की जिच्याबद्दल खरं बोललं की काम बिघडतं.

कायद्याची बातमी आईनेच आणली होती, मार्चमध्ये, रेडिओवरून. महापौरांनी नको म्हटलं होतं, नगरपरिषदेने त्यांना न जुमानता तो मंजूर केला. आता बेकार आहे म्हणून कोणाला दारातून परत लावायचं नाही, जाहिरातीत तसं लिहायचं नाही, केलंत तर तो माणूस तुम्हाला कोर्टात खेचू शकतो. जूनपासून लागू. आई हे सगळं स्वतःच उभं राहून मंजूर करून आल्यासारखी सांगत होती. व्हर्नेटा म्हणाली होती, "मम्मी, आता लिहिणार नाहीत एवढंच. मनात ठेवतील." आई रेडिओ पुसत म्हणाली, "ठेवू देत. मी या देशात आले तेव्हा लोक तोंडावर बोलायचे. मग कायदा झाला, मग मनात ठेवायला लागले. तू काय समजतेस, तो बदल लहान होता? मनात काहीही असो, नोकरी नाकारता येईना. मला इस्पितळात रात्रपाळी दिली."

आणि आता समोर तेच होतं. मनात ठेवणं असं दिसतं तर. एक पांढरी पट्टी, तीन-चार हात दिलेली. कुणीतरी खुर्चीवरून उठलं होतं, बाटली शोधली होती, झाकण घट्ट बसलेलं असणार, ते दातांनी उघडलं असणार, आणि एक मजकूर झाकला होता. आणि हे सगळं तिच्यासाठी. म्हणजे तिच्याच नावाने असं नाही, पण ज्या कोणासाठी केलं त्यात ती बसत होती. तीन वर्षांत या शहरात तिच्यासाठी कोणी एवढाही हात हलवला नव्हता. तिला वाटलं, झाकणाऱ्याने मनापासून झाकलं की भीतीने, काय फरक पडतो? दार उघडंच आहे. पुढच्या कोपऱ्यावर बूट दुरुस्तीचं दुकान होतं. तिने एकदा तिकडे पाहिलं. मग सपाता पुसल्या, उजवी डाव्या पोटरीला, डावी उजव्या पोटरीला, शाळेत पुसायची तशा, आणि आत गेली.

आत एक लांबट खोली होती. तेलाचा, तापलेल्या तारांचा आणि कॉफीचा वास. तो वास नाकात शिरला तशी तिच्या मानेवरची शीर सैल झाली. मेकॅनिक लोक चौदाव्या मजल्यावर सही करायला यायचे तेव्हा हाच वास त्यांच्या कपड्यांना असायचा. टेबलामागे साठीची एक बारकी बाई होती, चष्मा डोक्यावर, दुसरा चष्मा नाकावर, आणि दोन्ही हातांनी कागद उपसत होती. नेओमी झेलनिक, हे नाव टेबलावरच्या पितळी पट्टीवर होतं.

"जोडे पलीकडच्या दुकानात," मान न उचलता, पिशवीतलं बुटाचं टोक बघून ती म्हणाली.

"मी कागद वाचून आले," व्हर्नेटा म्हणाली.

"कुठला कागद?" आता तिने वर पाहिलं. "अच्छा, तो. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय. बायोडेटा?"

"आणलेला नाही. मी बुटाची टाच बसवायला निघाले होते."

झेलनिकबाईंनी नाकावरचा चष्मा काढला आणि डोक्यावरचा खाली घेतला, जणू या बाईसाठी वेगळी काच लागणार होती. व्हर्नेटाने सांगितलं. एकोणीस वर्षं, अमुक कंपनी, अमुक इतक्या इमारती. ती बोलत होती आणि तिला स्वतःचा आवाज जरा लांबून, कोणाच्या तरी खोलीतून आल्यासारखा ऐकू येत होता. झेलनिकबाईंची मान हलत होती, पेन चालत होतं, आणि मग पेन थांबलं. व्हर्नेटाला ही जागा ठाऊक होती. प्रत्येक मुलाखतीत ही एक पायरी यायची, आणि इथेच तिचा पाय घसरायचा.

"आणि सध्या तुम्ही..." झेलनिकबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. "नाही नाही. हे विचारायचं नाही म्हणे. माझा वकील दोन वेळा फोन करून ओरडलाय. म्हणजे काहीतरी विचारलेलं चालतं, पण काय ते मी विसरले."

"तुम्ही विचारू नका," व्हर्नेटा म्हणाली. "मला सांगायला तर बंदी नाही ना?"

"ते वकील बोलला नाही."

"मग सांगते. तीन वर्षं दोन महिने मी घरी आहे. तुम्ही कागदावर जी ओळ झाकलीत ती माझ्यासारख्यांसाठीच होती. आतला दिवा चालू आहे, बाहेरून सगळं वाचता येतं."

व्हर्नेटाच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीतून बुटाचं पांढरं टोक बाहेर आलं होतं. तिला वाटलं होतं की हे शब्द तोंडातून बाहेर पडताना दगडासारखे जड लागतील. पण ते चक्क हलके होते. तीन वर्षं दोन महिने. एखाद्याने आपली उंची सांगावी तसे. मला लाज वाटत नाहीये, तिच्या लक्षात आलं, आणि हे लक्षात येणं इतकं सुखाचं होतं की पुढे काय होतं याच्याशी तिला क्षणभर काही कर्तव्य राहिलं नाही. झेलनिकबाईंची मान मात्र लाल झाली होती. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, कागदाकडे मागून पाहिलं, पुढून दिसतं का म्हणून मान वाकडी केली.

"माझ्या पुतण्याने लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "कुठल्या तरी दुसऱ्या जाहिरातीवरून उतरवलं. मी वाचलंही होतं, खोटं कशाला बोलू. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, चांगली माणसं कोण, तर ज्यांना कोणी सोडत नाही ती." त्यांनी कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबला. "माझा नवरा सत्त्याऐंशी साली दीड वर्ष घरी होता. चांगला माणूस होता. मला त्याची आठवण तेव्हा का झाली नाही कोण जाणे."

तेवढ्यात फोन वाजला. झेलनिकबाईंनी झडप घातली, "झेलनिक! हो! थांबा, येतोय! अहो, ओरडू नका, मी काय तुमच्या शेजारी उभी आहे का ओरडायला!" आणि लगेच दुसरा फोन वाजायला लागला. तो व्हर्नेटाच्या हाताशी होता. झेलनिकबाईंनी एक हात हवेत हलवला. त्याचा अर्थ वाजू दे असा होता की उचला असा, हे पुढे कधीच ठरलं नाही. आवाज गेला असेल तर? तीन वर्षं दोन महिन्यांत या आवाजाने वाटाण्याचा भाव करण्यापलीकडे काही केलं नव्हतं. वाद्य वाजवलं नाही तर तारा उतरतात. तिने फोन उचलला.

"झेलनिक लिफ्ट. बोला, मी ऐकतेय."

आवाज तिथेच होता. तिला आठवला तो आजीचा रविवारचा टेबलक्लॉथ, घडीच्या रेषा पडलेला, पण झटकून पसरला की तोच. पलीकडे एक म्हातारा होता. तो लिफ्टमध्ये होता, एकटा, चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये, आणि रागाने थरथरत होता. तिने पत्ता विचारला, कुठल्या बाजूची लिफ्ट ते विचारलं, छातीत दुखतंय का, श्वास नीट लागतोय का. दाराला हात लावू नका म्हणाली, मागच्या भिंतीला टेकून उभे राहा, दमलात तर खाली बसा, लिफ्ट पडणार नाही, ती अडकली आहे म्हणजे तिने तुम्हाला धरून ठेवलंय. सांगता सांगता तिने टेबलावरचा वायरलेस ओढला, मेकॅनिकला पत्ता दिला. "तू कोण?" वायरलेसमधून खरखरत प्रश्न आला. "व्हर्नेटा. पुढच्या दाराने जाऊ नका, मागच्या गल्लीतून जा, मोटारखोलीचा जिना तिकडून असतो त्या जुन्या इमारतींना." "बरं," वायरलेस म्हणाला.

"वीस मिनिटं," तिने म्हाताऱ्याला सांगितलं.

"वीस मिनिटं!" म्हातारा कळवळला. "बाई, माझ्याकडे आइस्क्रीम आहे!"

"कुठलं?"

"पिस्त्याचं. बायकोसाठी. तिचा वाढदिवस आहे. वर वाट बघतेय. वितळतंय, बोटांवर यायला लागलंय."

"चमचा आहे?"

"लाकडी आहे एक. दुकानवाल्याने घातलाय."

"मग खा," व्हर्नेटा म्हणाली. "फुकट कशाला घालवायचं?"

"पण तिच्यासाठी..."

"तिचा नंबर मला द्या. मी सांगते तिला, की तुमचे यजमान चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये तुमच्या आवडीचं आइस्क्रीम खात बसलेत, आणि सुटले की पहिलं काम नवीन आणायचं करणार आहेत. जिन्याने."

पलीकडे पिशवीची सळसळ झाली. मग झाकण उघडल्याचा आवाज. मग म्हातारा हसायला लागला, आणि त्या पत्र्याच्या पेटीत त्याचं हसू असं घुमायला लागलं की चार-पाच म्हातारे हसतायत. तो खात होता आणि सांगत होता, ती पहिल्यांदा कुठे दिसली, तेव्हा तिने काय घातलं होतं. व्हर्नेटा ऐकत होती. टेबलावर कोपरं ठेवून, डोळे मिटून, जशी ती एकोणीस वर्षं ऐकत आली होती. तिच्या अंगातून काहीतरी वाहायला लागलं होतं. रडू नव्हतं ते. नळाला पाणी आलं की आधी हवा येते, मग गढूळ येतं, मग एकदम स्वच्छ धार लागते, तसं. तिने डोळे उघडले तेव्हा झेलनिकबाई आपला फोन कधीच ठेवून, दोन्ही चष्मे डोक्यावर चढवून, मोडक्या पायाच्या खुर्चीवर बसून तिच्याकडे बघत होत्या.

लगेच काही ठरलं नाही. झेलनिकबाई प्रामाणिक होत्या. "तीन वाजता दुसरी एक येणार आहे," त्या म्हणाल्या. "पुतण्याने बोलावलीय. तिलाही नीट भेटलं पाहिजे. आता या वयात मी एकीकडचा अन्याय झाकून दुसरीकडे करणार नाही. गुरुवारपर्यंत कळवते." व्हर्नेटा "बरोबर आहे" म्हणाली, आणि ते तिला खरंच बरोबर वाटलं. बाहेर आली, बूट दुरुस्तीला टाकले, कोपऱ्यावरच्या गाडीवरून कापलेला आंबा घेतला, तिखटमीठ लावलेला, आणि फूटपाथवर उभी राहून खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला. नोकरी मिळेल की नाही, हे तिला माहीत नव्हतं. पण शहरातल्या प्रत्येक इमारतीत, या क्षणी, लिफ्ट वर-खाली जात होत्या, आणि त्यातल्या प्रत्येक माणसाशी आपली थोडी ओळख आहे असं तिला पुन्हा वाटायला लागलं होतं. किती दिवसांनी!

गुरुवारी फोन आला नाही. आईने दिवसभर रेडिओ लावला नाही, फोन ऐकू यावा म्हणून, आणि तसं नाहीच असं ठासून सांगितलं. व्हर्नेटा वाटाणे सोलत होती आणि मनातली जुनी भाषा हळूहळू परत येत होती. बाई भली होती, टायवरच्या बदकांसारखीच भली होती, भली माणसंच गुरुवार म्हणतात. रात्री ती आपल्या मनाला म्हणाली, नाही तर नाही. पण मी खरं बोलले. आणि माझा आवाज आहे. हे दोन तिने पुन्हा पुन्हा हाताळून पाहिले. ते होते. मग तिला झोप लागली, जी तिला वाटलं होतं लागणार नाही.

शुक्रवारी सकाळी नऊला झेलनिकबाई फोनवर होत्या. "काल माझा स्वतःचाच फोन बंद पडला होता," त्या म्हणाल्या, "हसू नका. दुसरी बाई चांगली होती. हुशार होती. मी तिला विचारलं, लिफ्टमध्ये कोणी आइस्क्रीम घेऊन अडकलं तर काय सांगाल? ती म्हणाली, नियमावली बघेन. मी तुम्हाला सोमवारी सातला धरू का?"

व्हर्नेटाने हो म्हटलं. फोन ठेवला. आई दारात काठीवर रेलून उभी होती, तिने एकही शब्द न ऐकल्यासारखा चेहरा केला होता. "काय म्हणते?" "सोमवार. सातला." आईने काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हात वर केले, आणि एक्क्याऐंशी वर्षांची कंबर डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा अशी हलवली की व्हर्नेटाला तिला धरायला धावावं लागलं. धरायला गेली आणि धरून नाचायलाच लागली. फ्रिजवरची भांडी थरथरली. "सोड," आई धापा टाकत म्हणाली, "सोड, मला काही झालं तर सोमवारी तू रजा मागशील."

सोमवारी ती सहा चाळीसलाच टेबलाशी होती. लिपस्टिक लावून. खुर्चीचा पाय झेलनिकबाईंनी ठोकून घेतला होता. सात वाजले, सव्वासात झाले, फोन वाजेना. सगळ्या शहरात कोणीही कुठेही अडकलेलं नव्हतं. हे चांगलंच होतं, नाही का? साडेसातला मात्र ती मनात म्हणायला लागली, कोणीतरी, देवा, एखादा धडधाकट तरुण माणूस, फक्त पाच मिनिटं, पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये. मग स्वतःलाच दटावलं. मग पुन्हा म्हणाली. सात चाळीसला फोन वाजला आणि तिने पहिली रिंग पुरी होऊ दिली नाही.

"झेलनिक लिफ्ट. बोला, मी ऐकतेय."

पलीकडे श्वास. जुना, जरा शिट्टी वाजणारा, ओळखीचा.

"मम्मी! ही लाइन अडकलेल्या लोकांसाठी आहे."

"मग मी काय करतेय?" आई म्हणाली. "तीन वर्षं रोज सकाळी तू समोर बसलेली असायचीस. कॉफीचा डबा कुठे असतो ते या घरात मला कोणी सांगितलेलं नाही. मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी आहे."

व्हर्नेटाला हसू फुटलं. तिने डोळे मिटले. त्या स्वयंपाकघरातला उजेड तिला दिसला, सकाळी पावणेआठचा, टेबलावर तिरका पडणारा, आणि समोरची रिकामी खुर्ची.

"वरून दुसरी फळी," ती शांतपणे म्हणाली. "पिठाच्या मागे. घाई नको. मी आहे लाइनवर."

कपाटाचं दार करकरलं. पीठ सरकलं. काहीतरी पडलं, आईने पडलेल्याला शिवी दिली. मग पत्र्यावर नखांचा आवाज झाला.

"सापडला," आई म्हणाली. "ठेव आता फोन. कोणीतरी खरंच अडकलं असेल."